पेशकारांच्या लेकीचं प्रस्थान

उंबऱ्यात उभं राहून हे हातातल्या पुरचुंडीकडं बघत होते. लेकीच्या, चारूच्या, रुमालात मूठभर तांदूळ, हळकुंड आणि सुपारी मीच बांधून दिली होती. "अगं, पश्चिम म्हणजे प्रेमाबाईचंच घर ना?" असं त्यांनी पुन्हा एकदा विचारलं. मी म्हणाले, शेजारची प्रेमाबाई इथं नांदायला आल्यापासून तिचं घर पश्चिमेलाच आहे, ते काही उठून चालत नाही. एरवी हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत. चप्पल घातली, पुरचुंडी या हातातून त्या हातात केली, आणि दिवे लागायच्या आत ठेवून येतो म्हणून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी देवी निजायची होती. पौषातली ही देवीची निद्रा म्हणजे तुळजापुरात निराळेच दिवस असतात. मूर्ती पलंगावर निजवली की गावालाही गुंगी येते. घरोघरी गाद्या गुंडाळून माळ्यावर जातात, लहानथोर घोंगड्यावर झोपतात, पायरीवर भांडणारे पुजारीसुद्धा हळू आवाजात भांडतात. आणि आमच्या घरात तर देवी निजलेली असताना कुणी नव्या कामाला बाहेर पडायचं नाही, हे सासूबाईंच्या सासूपासून चालत आलेलं. नेमका त्याच दिवसांत चारूचा वकिलीचा वर्ग सुरू होणार होता.

यावर तोड म्हणजे प्रस्थान. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल, तर चांगल्या दिवशी निघणाऱ्याची पुरचुंडी जायच्या दिशेला असलेल्या शेजाऱ्याकडं नेऊन ठेवायची. माणूस घरातच असतो, पण प्रवास सुरू झाला असं धरायचं. मग सवडीनं निघताना ती पुरचुंडी उचलायची आणि मागं न बघता चालू लागायचं. कॉलेजवाल्यांनी आगाऊ वर्ग काढले म्हणून त्या वर्षी सगळे मोठं नवल करत होते. आमच्याकडं आगाऊ निघण्याची सोय पणज्यांच्या काळापासून आहे, त्याचं कुणाला काही नाही.

तर ते आगाऊ वर्ग. महाराष्ट्र व्हायला अजून काही महिने होते. चारू सोलापूरला माझ्या भावाकडं राहून बी.ए. झाली होती, आणि वकील व्हायचं म्हणून हटून बसली होती. हटून म्हणजे आरडाओरडा नाही हो, तो तिचा स्वभावच नाही. भाकरी थापता थापता शांतपणे म्हणायची, "आई, मी वकील होणार आहे," आणि भाकरी उलटायची. त्या वर्षी कायद्याच्या कॉलेजांनी नवी टूम काढली, की पौषातच वर्गाला बसा, म्हणजे जूनमध्ये जागा नक्की. एकानं काढलं की दुसरा कशाला मागं राहतो? पुण्यानं काढलं, सोलापुरानं काढलं, हैदराबादनंही काढलं. आमच्या घरात माणसं तीन, आणि मतंही तीन.

माझं मत मी आधीच सांगून टाकते. मला यातलं काहीच नको होतं. मुलींच्या शाळेत मास्तरीणबाईंची जागा रिकामी होती, निरोपही येऊन गेला होता. घरापासून शाळा हाकेच्या अंतरावर. दुपारी पोरगी जेवायला घरी आली असती. आणि वकील होऊन करणार काय? अख्ख्या उस्मानाबाद जिल्ह्यात काळा कोट घातलेली बाई कुणी पाहिली नव्हती. पुरुषमाणूस आपला जमिनीचा दावा पोरीच्या हातात देईल का? पण बापलेक ऐकेनात, तेव्हा मी म्हटलं, मग निदान सोलापूर. मामाचं घर आहे, शनिवारी एस.टी.त बसली की संध्याकाळी घरी. मला एकच लेक. ती मला डोळ्यांआड व्हायला नको होती.

चारूचं मत पुणं. ती आपल्या पायांनी जाऊन मार्तंडराव वकिलांना विचारून आली होती. मार्तंडराव म्हणजे इथल्या बारचे सगळ्यांत जुने. त्यांनी सगळी वकिली उर्दूत शिकलेली. निजाम गेला, कोर्टाची जबान बदलली, आणि केस पिकल्यावर या माणसाला नातवाच्या शेजारी बसून पुन्हा अक्षरं गिरवायला लागली. त्यांनी चारूला सांगितलं, पोरी, जिथला कायदा इथं चालणार, तिथंच जाऊन शीक, माझ्यासारखं दोनदा शिकू नको. शिवाय पुण्यात वर्गात चारदोन मुली असतात, त्यांच्यासाठी वसतिगृह आहे, आणि पुढं मुन्सफीच्या, म्हणजे न्यायाधीशाच्या परीक्षेलाही बसता येतं. हे सगळं चारूनं एका दमात सांगितलं होतं, आणि मला त्यात खोट काढता येईना, म्हणून मी जास्तच चिडले.

आणि ह्यांचं मत हैदराबाद.

हे तुळजापूरच्या कोर्टात पेशकार होते. मुन्सफसाहेबांच्या पायाशी टेबल, समोर मिसलींचा, म्हणजे दाव्यांच्या कागदांचा ढीग, ज्याची त्या दिवशी पेशी, म्हणजे सुनावणी असेल त्याची मिसल उचलून साहेबांपुढं ठेवायची. बारा वर्षं याच कामात गेली होती. पण त्याआधी, चारू लहान असताना, हे शिकायला हैदराबादला होते. तिथं वकिलीच्या वर्गात नाव लागलं होतं. सुट्टीला म्हणून घरी आले आणि रझाकारांची धामधूम सुरू झाली. मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, सासरे गेले, घर ह्यांच्या गळ्यात आलं. परत जाणं राहिलं ते राहिलंच.

राहिलं म्हणजे अंगानं राहिलं. मन तिकडंच हिंडत असायचं. जेवताना मध्येच थांबून सांगायचे, मुसी नदीच्या काठी हायकोर्ट आहे, त्याच्या घुमटात पारवे राहतात, आत मोठी बहस चालली की वर पारवे घुमतात आणि खालची माणसं गप्प होतात. लायब्ररीच्या उंच खिडक्या, दुपारचं पिवळं ऊन पुस्तकावर येऊन बसायचं. इराण्याच्या हॉटेलात एक चहा घेऊन पोरं संध्याकाळपर्यंत खोट्या खटल्यांवर वाद घालायची. मी हैदराबाद पाहिलेलं नाही, पण मला वाटतं त्या गावात कधी धूळ उडत नसेल, कधी कुणाचं पोट दुखत नसेल. मी चिडवायची, तुमचं हैदराबाद आता गावात राहिलेलं नाही, तुमच्या डोक्यात आहे. तेव्हा म्हणायचे, "व्हय, तिथं तरी राहू दे की."

आता हैदराबाद परक्या राज्यात गेलं होतं. तिथं शिकून इथं वकिली करायची म्हणजे द्राविडी प्राणायाम, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. रोज कोर्टात बसणारा माणूस. शेवटी एका रविवारी हात धुऊन, पुसून म्हणाले, "पुणं. फैसला झाला." चारूनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. मी आत जाऊन रडून घेतलं.

तर त्या संध्याकाळी ते प्रस्थान ठेवून परत आले तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. दुपारच्या झोपेतून उठलेल्या माणसासारखा चेहरा. ठेवलंत का विचारलं तर ठेवलं म्हणाले. आमटीत मी मीठ विसरले होते, ती त्यांनी तशीच खाल्ली.

पुढचे दिवस देवीच्या झोपेचे. सकाळी धुकं पडायचं, कळस दिसायचा नाही. सोलापूरच्या गाड्यांनी आलेली यात्रेकरू मंडळीही हळू पावलांनी चढ-उतार करायची. कोर्टाला सुट्टी होती तेवढे दिवस बापलेक ओट्यावर उन्हात बसून कोर्ट मांडायचे. मला फिर्यादी करायचे. माझी म्हैस कुणी तरी नेली, असा दावा. चारू माझी उलटतपासणी घ्यायची आणि मी खरोखरच गडबडून जायची, कारण म्हशीचा रंग मी दर वेळी निराळा सांगायची. हे हसून हसून लोळायचे. मग हसू आवरून म्हणायचे, "चारू, तू आपल्याच कोर्टात यायचं. मी मिसल उचलून साहेबापुढं ठेवीन, आन् तू बोलायला लागशील. मला बाकी काही नको बघ." त्यांचं सगळं मागणं तेवढंच होतं. लेकीनं काय कमवावं, कुठं नाव काढावं, यातलं काही नाही. आपल्या टेबलाशी बसून तिला बोलताना ऐकायचं. ऐकताना माझाही विरोध पातळ व्हायचा. खोटं कशाला सांगू, काळ्या कोटातली चारू मलाही दिसायला लागली होती.

निघायच्या दिवशी सकाळी ट्रंक घेऊन आम्ही तिघंही प्रेमाबाईच्या दारात गेलो. चारूनं नवं लुगडं नेसलं होतं. प्रस्थान उचलायचं आणि तसंच एस.टी.च्या तळावर जायचं. प्रेमाबाई हात पुसत बाहेर आली. मी म्हटलं, चारूची पुरचुंडी द्या.

"माझ्याकडं कुणी काय दिलंच न्हाय, वहिनी."

मी ह्यांच्याकडं बघितलं. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "शिवप्पाकडं ठेवलं गं मी."

शिवप्पाचं हळदी-कुंकवाचं दुकान गावाच्या पूर्वेला, नळदुर्गावरून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी. पुण्याला निघालेल्या पोरीचं प्रस्थान बापानं हैदराबादच्या वाटेवर नेऊन ठेवलेलं! प्रेमाबाईनं तर तिथल्या तिथं सांगून टाकलं, की पूर्वेचं प्रस्थान ठेवून पश्चिमेला जाणं म्हणजे कार्यनाश, आजचं जाणं रहित करा. आणि देवी निजलेली, नवं प्रस्थान ठेवता येत नाही. ती जागी होऊन निघायचं म्हटलं तर आगाऊ वर्गातली जागा गेलेली. मनात आलं, जाऊ दे, बरंच झालं, शाळेची जागा अजून रिकामी आहे. आणि त्याच वेळी चारूकडं बघून माझं काळीज तुटलं. मला राग नक्की कुणाचा आला होता ते आजही सांगता येणार नाही.

चारू म्हणाली, आधी पुरचुंडी तर घेऊन येऊ.

शिवप्पा दुकान उघडतच होता. त्यानं आम्हाला दुकानामागच्या घरात नेलं. भिंतीतल्या देवळीत पिंडीशेजारी चारूचा रुमाल होता, आणि त्याच्या मागं आणखी एक पुरचुंडी होती. कापडाचा रंग ओळखू येत नव्हता इतकी काळपटलेली. चारूनं विचारलं, ही कुणाची?

शिवप्पा खाली बघत म्हणाला, "पेशकारसाहेबांची. हैदराबादला परत जायचं म्हणून आमच्या अप्पाच्या हातात दिल्ती. न्यायला आलेच न्हाईत. दुसऱ्याचं प्रस्थान टाकू न्हाय, म्हणून आमी रोज दिवा लावताना तेवढं पुसून ठेवतो."

लग्नाच्या बायकोला मला हे ठाऊक नव्हतं. हे भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "पुण्याचंच ठेवायला निघालो होतो गं. चालता चालता कधी इकडं वळलो, कळलं न्हाय. देवळीत ठेवलं तेव्हा वाटलं, बरोबर जागी ठेवलं." मी इतकी वर्षं ह्यांच्या हैदराबादला हसले. त्या क्षणी मला रडू आवरेना.

चारूनं पदर खोचला. एकदा बापाकडं, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि ओट्यावर म्हशीच्या खटल्यात बोलायची त्या आवाजात बोलायला लागली.

"बाबा, प्रस्थान ठेवलं तिथनं प्रवास सुरू होतो, हे मान्य आहे ना?"

"मान्य."

"मग माझा प्रवास शिवप्पाकाकांच्या घरातनं सुरू झाला. आता इथं उभं राहून सांगा, पुणं कुठल्या दिशेला?"

ह्यांनी हात वर केला, पश्चिमेकडं. आमच्या घराकडं.

"झालं तर. वाटेत आपलं घर लागलं, तिथं मुक्काम पडला. प्रस्थान ठेवून वाटेत मुक्काम करू नये असं कुठं सांगितलंय?"

शिवप्पाची बायको इरम्मा दारातून कानडीत काही तरी म्हणाली आणि शिवप्पा हसला. पोरगी देवीलासुद्धा हरवील असं म्हणते, त्यानं सांगितलं. आम्ही सगळे ह्यांच्याकडं बघत होतो. फैसला त्यांनीच द्यायचा होता. बराच वेळ ते त्या काळपट पुरचुंडीकडं बघत राहिले. त्यांना हवंच असतं तर तेवढ्यावर अडवता आलं असतं. देव, रीत, दिशा, सगळं त्यांच्या बाजूनं होतं. मग खाकरून कोर्टातल्यासारखं म्हणाले, "मंजूर."

चारूनं आपली पुरचुंडी उचलली. मग दुसरीही उचलली आणि दोन्ही पिशवीत टाकल्या. ती पुढं आणि आम्ही मागं असे गावातून पूर्वेकडून पश्चिमेकडं चालत गेलो. आमच्या घरावरून जाताना तिनं दाराकडं बघितलंही नाही. धुक्यात गाडी उभी होती. ती सुटली, आणि मी घरी येऊन देवीसारखीच निजले.

पुढं चारू शिकली, पास झाली, सनद मिळाली. मुन्सफीच्या परीक्षेचं मनात होतं, पण आधी इथं वकिली करते म्हणाली. मार्तंडरावांनी आपल्या बैठकीत खुर्ची टाकून दिली. पहिले काही महिने पक्षकार यायचे ते तिला बघून, मोठे वकील कुठं गेले म्हणून विचारायचे. मी मनात म्हणायची, सांगितलं होतं. आणि मग तामलवाडीची हरणाबाई आली. नवरा गेल्यावर दिरानं विहिरीच्या पाण्यातला वाटा तोडलेला. ती मार्तंडरावांना ओलांडून थेट चारूच्या खुर्चीपाशी येऊन बसली. पुरुषमाणसापुढं दिराचं काय काय सांगू, म्हणाली. चारूचा पहिला स्वतःचा दावा.

पण हे मी चारूच्या बाजूनं सांगितलं. ह्यांचं काय झालं होतं ते सांगायचं राहिलं. चारूची सनद यायच्या आधीच ह्यांनी बदली मागून घेतली होती. घरात एका शब्दानं कुणाला बोलले नव्हते. परंड्याच्या कोर्टात बदली झाली म्हटल्यावर मी साहेबाला शिव्या घालत होते, तेव्हा कुठं तोंड उघडलं. म्हणाले, "साहेबाला कशाला बोलतीस? म्याच अर्ज दिला. बापाच्या टेबलावरनं लेकीची मिसल जायला लागली तर तिनं जिंकलेलं लोक माझ्या नावावर मांडतील." मी म्हटलं, अहो, पण तुम्हाला तर तेवढंच हवं होतं. तर म्हणाले, व्हय. आणि ट्रंकेत धोतरं घालायला लागले.

अशी गंमत. लेक जवळ राहावी म्हणून मी जिवाचं रान केलं, ती जवळ राहिली, आणि नवरा परंड्याला किल्ल्याच्या सावलीत एका खोलीत हातानं भाकरी भाजून खाऊ लागला. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. घरात चारूसमोर कोर्टाचा विषय काढायचे नाहीत. तिनं काढला तर ऐकायचे आणि नुसती मान हलवायचे. ज्या माणसाला एवढंच ऐकायचं होतं, तो आता ते कानावर पडू नये म्हणून जपत होता.

हरणाबाईची पहिली पेशी बुधवारी अकराला लागली. चारूनं शनिवारीच त्यांना सांगितलं, बाबा, रजा काढून मागच्या बाकावर येऊन बसा. नको म्हणाले. आपण तिथं दिसलो की झालंच, म्हणाले. बुधवारी मीच गेले. दारापाशी बायका उभ्या होत्या त्यांच्यात उभी राहिले. चारू उठली, सुरुवातीला आवाज थोडा अडकला, मग लागला. दिराचा वकील हसला तसा तिचा आवाज आणखी शांत झाला. विहिरीचं पाणी कोण किती दिवस घेत होतं, ते ती असं सांगत होती, की मोटेचा आवाज ऐकू यावा. मी ज्या पोरीला शाळेत घालून चार भिंतींत ठेवणार होते, ती ही, असं वाटून मला भरून आलं. शेवटी काय, पुढची तारीख पडली. हरणाबाईनं मात्र बाहेर येऊन तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

शनिवारी हे आले. चारू मार्तंडरावांकडं गेली होती. मी पानं वाढली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. आवाज कसा अडकला, कसा लागला, साहेबांनी लिहिता लिहिता मान कशी वर केली. ते जेवायचं थांबवून ऐकत होते. मग मी विचारलं, तुम्ही काय केलंत बुधवारी?

भाताशी बोटं खेळवत म्हणाले, "अकराला आमच्या परंड्याच्या कोर्टात साहेब आले. सगळे उठले, मीबी उठलो. साहेब बसले, सगळे बसले. मी उभाच राहिलो. कळलंच न्हाय मला. साहेब म्हणाले, पेशकार, काही म्हणायचंय का?"

"मग?"

"मी म्हणालो, न्हाय साहेब. आन् पहिली मिसल उचलून त्यांच्यापुढं ठेवली."